उंच पेल्यात ताक ‘जास्त’ कसे होते? पियाजेच्या अवस्था आणि आमचा बालवर्ग

बालवर्गशिक्षिका, सातारा

नमस्कार. मी साताऱ्यात एका बालवर्गाला शिकवते आणि सध्या शिक्षक पात्रता परीक्षेचा अभ्यास करते आहे. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र या भागाला 30 गुण असतात आणि त्यात स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी सांगितलेल्या मुलांच्या बौद्धिक विकासाच्या चार अवस्थांवर प्रश्न येणार हे जवळजवळ गृहीतच धरायचे असते. जन्मापासून सुमारे दोन वर्षांपर्यंत संवेदक-कारक, दोन ते सात पूर्वक्रियात्मक, सात ते अकरा मूर्त क्रियात्मक आणि त्यापुढे औपचारिक क्रियात्मक, हे पाठ करायला काही अवघड नाही. माझी अडचण घरी घडलेल्या एका प्रसंगामुळे निर्माण झाली आहे.

माझी भाची सव्वापाच वर्षांची आहे. भांडे बदलले तरी आतले प्रमाण तेवढेच राहते, हे पूर्वक्रियात्मक अवस्थेतल्या मुलाला कळत नाही असे पुस्तक सांगते. ती सुटीला आली असताना मी त्याचा पुस्तकातला प्रयोग तिच्यावर करून पाहिला. स्टीलच्या दोन सारख्या पेल्यांत सारखे ताक घेतले. दोन्हींत सारखेच आहे, हे तिने डोकावून पाहून मान्य केले. मग तिच्या देखत एका पेल्यातले ताक मी लस्सीच्या उंच, अरुंद ग्लासात ओतले आणि विचारले, “आता कशात जास्त आहे?” तिने क्षणभरही न थांबता उंच ग्लासाकडे बोट दाखवले. का, असे विचारल्यावर म्हणाली, “हे वर आलंय ना.” पुस्तकात लिहिले आहे तसेच घडले म्हणून मला समाधान वाटले, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला माझ्या आईने तिला आणि तिच्या चार वर्षांच्या मावसभावाला ताक दिले. त्याच्या पेल्याच्या बुडाला चीर असावी, कारण पाटावर ताकाचा ओघळ दिसू लागला. आईने “अगं बाई, हा तर गळतोय” म्हणत ते ताक चटकन त्याच लस्सीच्या ग्लासात ओतले. मुलगा ओरडला, “मला जास्त!” त्यावर आमच्या भाचीबाई शांतपणे म्हणाल्या, “जास्त कुठलं? आजीने तुझंच ताक ह्यात ओतलंय.”

ग्लास तोच, ताक तेच आणि मूलही तेच. एका रात्रीत तिने एक अवस्था ओलांडली असे म्हणणे हास्यास्पद होईल. मग माझा आदल्या दिवशीचा प्रश्न नेमके काय मोजत होता? तिला समजत होते पण सांगता आले नाही, की दुसऱ्या दिवशी ती नुसतीच बरोबर बोलून गेली? आकलनाचे हे वेळापत्रक असे डळमळीत असेल तर पाहणे, ऐकणे, अंतर ओळखणे या तान्ह्या वयातल्या क्षमतांबद्दल जे ठामपणे सांगितले जाते, त्याचे काय? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त अध्यापक, सांगली

ताई, आपण प्रसंग फार नीट टिपला आहे. आपल्या आईंनी नकळत जे केले, जवळजवळ तेच 1979 मध्ये पॉल लाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये मुद्दाम घडवून आणले होते. पाच-सहा वर्षांच्या मुलांना खेळासाठी दोन सारख्या पेल्यांत सारखे जिन्नस दिले. मग प्रयोगकर्त्याला जणू अचानक दिसले की एका पेल्याच्या काठाचा टवका उडाला आहे आणि हाताला कापेल, म्हणून त्याने त्यातले जिन्नस वेगळ्या आकाराच्या भांड्यात काढले. या पद्धतीने विचारल्यावर बहुतेक मुलांनी ‘सारखेच आहे’ असे सांगितले. काही कारण न देता नेहमीच्या पद्धतीने ओतून विचारल्यावर मात्र तसे सांगणारी मुले अगदी मोजकी निघाली.

याच्या पाच वर्षे आधी, 1974 मध्ये, जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी संख्येच्या बाबतीत असाच प्रयोग केला होता. सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडायच्या आणि त्यांतली एक पसरायची, हा पियाजेचा मूळ प्रयोग. पसरवण्याचे काम प्रयोगकर्त्याने केले तर चार ते सहा वर्षांची बहुतेक मुले लांब रांगेत जास्त आहेत असे म्हणत. पण डब्यातून एक खोडकर अस्वल निघाले आणि त्याने धुडगूस घालून रांग विसकटली, की त्यांपैकी बरीच मुले योग्य उत्तर देत. आपण हा प्रयोग तासगावच्या बेदाण्यांवर करू शकाल. फक्त प्रयोग संपेपर्यंत बेदाणे शिल्लक राहतील याची व्यवस्था आधी करावी.

डोनाल्डसनबाईंचे स्पष्टीकरण मला माझ्या उभ्या नोकरीत उपयोगी पडले. मूल केवळ शब्द ऐकत नाही, समोरचा माणूस काय करतो आहे आणि कशासाठी करतो आहे, यावरून ते शब्दांचा अर्थ लावते. मोठ्या माणसाने गंभीर चेहऱ्याने ताक एका भांड्यातून दुसऱ्यात ओतले आणि लगेच ‘आता कशात जास्त आहे?’ असे विचारले, तर त्या ओतण्यालाच काहीतरी महत्त्व असणार, असे मुलाला वाटणे स्वाभाविक आहे. आपला प्रश्नही पाहा. ‘कशात जास्त आहे?’ या प्रश्नात कशात तरी जास्त आहे हे आधीच गृहीत धरलेले आहे.

त्यात भर म्हणजे एकच प्रश्न दोनदा विचारण्याची पद्धत. ओतण्याआधी विचारायचे आणि ओतल्यावर पुन्हा विचारायचे. 1974 मध्येच सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी आधीचा प्रश्न गाळून केवळ शेवटचा प्रश्न विचारला, तेव्हा सहा वर्षांच्या मुलांच्या चुका कमी झाल्या. आपल्या शाळांत तर हे फारच लागू पडते. आपण ‘शाब्बास’ म्हणून पुढे जातो ते बरोबर उत्तरावर, आणि ‘परत सांग बरं’ म्हणतो ते चुकलेल्या उत्तरावर. बालवर्गात चार महिने काढलेल्या कोणत्याही मुलाला हा संकेत पक्का ठाऊक असतो.

आणखी एक गोष्ट पुस्तकात सापडणार नाही, पण रसवंतीगृहात सापडेल. तेथे ‘हाफ’ म्हणजे बुटका ग्लास आणि ‘फुल’ म्हणजे उंच ग्लास. रस उंचावर आला म्हणजे जास्त मिळाला, हा मुलाचा अनुभव दहापैकी नऊ वेळा खरा ठरतो. म्हणून ‘हे वर आलंय ना’ या उत्तराला मी निव्वळ अज्ञान म्हणणार नाही. एरवी उपयोगी पडणारी खूण येथे फसली, इतकेच.

पियाजेंना मात्र यात खलनायक करू नये. 1920 च्या सुमारास पॅरिसमध्ये मुलांच्या तर्कक्षमतेच्या चाचण्या प्रमाणित करण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. तेथे बरोबर उत्तरांच्या गुणांपेक्षा चुकीच्या उत्तरांतली शिस्त त्यांना अधिक लक्षणीय वाटली. एकाच वयाची मुले एकाच प्रकारे चुकतात, म्हणजे त्यांच्या विचाराला स्वतःची घडण असली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. नवा अनुभव जुन्या चौकटीत बसवून घेणे आणि तो बसत नसेल तर चौकटच बदलणे, म्हणजे आपल्या पुस्तकांतले सात्मीकरण आणि समायोजन, या जोडीतून मूल स्वतःचे ज्ञान स्वतः बांधते, हा त्यांचा सिद्धान्त अवस्थांच्या तक्त्यापेक्षा मोठा आहे. परीक्षेत तक्ता विचारतात, कारण तक्ता तपासायला सोपा असतो. तेथे आपण ‘7 ते 11’ हाच पर्याय निवडावा.

आपल्या आईंच्या बाजूने बोलायचे तर रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीला बोलवावे लागेल. तो पियाजेंच्याच वर्षी, 1896 मध्ये, जन्मला आणि 1934 मध्ये, चाळिशीही न गाठता, क्षयाने गेला. मूल एकटे काय करू शकते एवढेच पाहू नका, जाणत्या माणसाच्या सोबतीने ते काय करू शकते तेही पाहा, असे त्याचे म्हणणे होते. या दोन्हींमधल्या अंतराला त्याने निकट विकासाचे क्षेत्र मानले. घरातल्या जेवणाच्या पंगतीत आजी, भाऊ, भांडण आणि वाटणी असे सगळेच होते. ‘सारखे’ या शब्दाला तेथे खरा भाव होता. आपल्या प्रयोगात तो शब्द एकटा पडला होता. पुढे 1976 मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी अशा सोबतीला बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. परांची भिंतीसाठी बांधतात आणि भिंत उभी राहिली की काढून घेतात. आपल्याकडे ती काढायची राहून जाते, पण तो वेगळा विषय आहे.

चाकावरची माती, वाळवा तालुका

सरांच्या उत्तरात थोडी भर घालतो. मी कुंभाराच्या घरात वाढलो आणि आता गणित शिकवतो. चाकावर चढवण्याआधी वडील मातीचे गोळे करून ओळीने ठेवत आणि ते मोजण्याचे काम माझ्याकडे असे. एखादा गोळा फळीवर बसून चपटा झाला, तर त्यातली माती वाढली किंवा घटली असे मला कधी वाटल्याचे आठवत नाही. तो उचलून पुन्हा गोल करायचा, त्यातून एकच मडके निघणार. 1969 मध्ये मेक्सिकोत प्राइस-विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुंभारांच्या मुलांची इतर मुलांशी तुलना केली, तेव्हा मातीच्या राशीबाबत कुंभारांची मुले पुढे असल्याचे त्यांना दिसले. ते वाचताना मला आमचे अंगण आठवले.

उलट अनुभवही सांगतो. आठवडे बाजारात माठांचा हिशेब मी तोंडी करत असे आणि त्याच वर्षी शाळेत गुणाकारात नापास झालो होतो. शाळेचे नाव घेत नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बारा वर्षांचा एक मुलगा 35 ला एक या दराने दहा नारळांची किंमत सांगतो. तो पस्तिसावर शून्य देत नाही. तीन नारळांचे 105, आणखी तिनांचे मिळून 210, पुन्हा तिनांचे मिळून 315 आणि राहिलेल्या एकाचे धरून 350, असे तो जुळवतो. तिथली मुले बाजारात जवळजवळ अचूक होती आणि तीच गणिते कागदावर मांडून दिली की त्यांतली बरीचशी चुकत. त्यांना कोणत्या अवस्थेत बसवायचे, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मिरज

ताईंनी तान्ह्या वयाबद्दल जे विचारले आहे त्यावर लिहिते, कारण माझे काम त्याच वयाच्या मुलांशी आहे. आपल्या मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘वेदन’ आणि ‘संवेदन’ असा भेद करतात. डोळ्यावर प्रकाश पडणे हे वेदन आणि समोर पायरी आहे असे दिसणे हे संवेदन. यांपैकी संवेदनाची वाढ कशी होते, यावर दोन मते आहेत. पियाजेंच्या मते तान्ह्या मुलाचे जग सुरुवातीला विस्कळीत असते आणि हाताळून, चोखून, आपटून ते त्याची जुळणी करते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलिनॉर गिब्सन यांच्या मते जगात माहिती मुळातच भरपूर असते आणि मूल त्यातले बारीक फरक वेचायला शिकते.

गिब्सन आणि वॉक यांचा 1960 मधला ‘दृश्यकडा’ बहुतेकांनी वाचलेला असतो. एका टेबलावर जाड काच आणि काचेखाली चौकटीची नक्षी, अर्ध्या भागात काचेला लागून आणि अर्ध्या भागात बरीच खाली. सहा ते चौदा महिन्यांच्या 36 मुलांपैकी 27 मुले मधल्या फळीवरून हलली. ती सगळी उथळ बाजूला गेली, पण आईने खोल बाजूने हाका मारल्यावर काचेवर उतरणारी केवळ तीन निघाली. यावरून ‘खोलीची भीती उपजत असते’ असे विधान सर्रास केले जाते, आणि ते घाईचे आहे. रांगता न येणाऱ्या, जेमतेम दोन महिन्यांच्या मुलांना जोसेफ कॅम्पोस यांनी खोल बाजूच्या काचेवर पालथे ठेवले, तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके वाढण्याऐवजी मंदावले. ठोके मंदावणे हे लक्ष वेधले गेल्याचे चिन्ह आहे. म्हणजे त्या वयात खोली दिसत असावी, पण भीती अजून आलेली नव्हती. ती पुढे रांगण्याच्या अनुभवाबरोबर येते.

आमच्या जुन्या घराला चांगला कंबरभर उंच ओटा आहे. माझा मुलगा दहा महिन्यांचा असताना रांगत काठापर्यंत जाई, एक हात खाली सोडून चाचपे, खाली काही लागले नाही की बूड वळवून मागे फिरे. आम्ही सगळे निर्धास्त झालो. पुढे त्याला पाय फुटले आणि तोच मुलगा त्याच काठावरून सरळ पुढे पाऊल टाकू लागला. सासूबाईंनी दोन वेळा त्याला झबल्याला धरून मागे ओढले. कॅरन अॅडॉल्फ यांनी उतारांवर केलेल्या अभ्यासात हेच दिसते. रांगताना कोणता उतार झेपेल हे मूल काही आठवड्यांत शिकते, पण चालायला लागल्यावर तेच शहाणपण त्याला पहिल्यापासून मिळवावे लागते. ‘उतार धोक्याचा’ असे सर्वसाधारण ज्ञान त्याच्याकडे नसते. ‘या शरीराने, या चालीने हा उतार’ एवढेच ते शिकलेले असते.

आजीचा मुद्दाही येथे येतो. 1985 मधल्या एका अभ्यासात काचेखालचा कडा मुद्दाम धड खोल ना धड उथळ असा ठेवला होता. वर्षाच्या मुलांनी काठाशी थांबून आईच्या चेहऱ्याकडे पाहिले. आई हसरी असेल तर बहुतेक मुले पलीकडे गेली. तिच्या चेहऱ्यावर भीती असेल तर एकही गेले नाही.

ऐकण्याच्या बाबतीत एक उदाहरण आपल्या कानाजवळचे आहे. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या मुलांना हा फरक सहज कळला. दहा ते बारा महिन्यांच्या मुलांपैकी फारच थोड्यांना कळला. त्यांच्या घरच्या भाषेत त्या फरकाचे काही काम नव्हते. येथे वाढ म्हणजे भर पडणे असे चित्र उलटे होते, कारण कान आपल्या भाषेला तयार होताना परक्या भाषांचे फरक सोडून देतो. त्याला जोडून पॅट्रिशिया कुल यांचा 2003 मधला अभ्यास पालकांना मी आवर्जून सांगते. नऊ महिन्यांच्या अमेरिकी मुलांशी चिनी भाषिक व्यक्ती समोर बसून खेळली आणि बोलली, तेव्हा ती मुले त्या भाषेचे ध्वनी शिकली. तीच माणसे पडद्यावर दाखवली तेव्हा शिकली नाहीत. मोबाईलवर बडबडगीते लावून ‘भाषा वाढते आहे’ म्हणणाऱ्यांसाठी हे पुरेसे आहे.

आणि आपल्या देशातले एक काम. जन्मांध माणसाला, स्पर्शाने ओळखीचा असलेला गोल आणि घन, दृष्टी आल्यावर नुसते पाहून ओळखता येईल का, असा प्रश्न विल्यम मॉलिन्यू यांनी 1688 मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना लिहून विचारला होता. पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ने भारतात उपचार मिळालेल्या आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांवर ते तपासले आणि 2011 मध्ये निष्कर्ष मांडले. शस्त्रक्रियेनंतर लगेच त्यांना स्पर्शाची वस्तू नजरेने नीट ओळखता आली नाही. थोड्याच दिवसांत मात्र येऊ लागली. उपजत की शिकलेले, या वादात दोन्ही पक्षांना थोडे थोडे देणारे असे हे उत्तर आहे.

संशोधक विद्यार्थी, कराड

चर्चा चांगली चालली आहे, पण पियाजेंना परीक्षेच्या तक्त्यापुरते उरवून सोडून देण्याला माझी हरकत आहे. पियाजेंनी वयांपेक्षा क्रमाला महत्त्व दिले. राशी टिकून राहते हे समजल्यावरही वजन टिकून राहते हे समजायला मुलांना साधारण दोन वर्षे लागतात आणि आकारमानाला त्याहून अधिक, हे त्यांनीच दाखवले होते. म्हणजे एक मूल एकाच वेळी सर्व बाबतींत एकाच पायरीवर असते, असे त्यांच्या नावावर खपवले जाणारे मत त्यांच्या निरीक्षणांनाच धरून नाही.

दुसरे असे की पियाजे उत्तरावर थांबत नसत, कारण विचारत. ‘तेच ताक आहे’, ‘ग्लास उंच आहे पण अरुंदही आहे’ आणि ‘परत ओतले तर पहिल्याइतकेच होईल’ अशी तीन प्रकारची कारणे मुले देतात. भाचीने पहिले कारण दिले. ते महत्त्वाचे आहे, पण सर्वांत सोपेही आहे. उंची आणि रुंदी या दोन गोष्टी ती एकाच वेळी मनात धरू शकते का, हे त्या वाक्यातून कळत नाही.

तिसरी शंका आजींच्या आणि अस्वलाच्या प्रयोगांबद्दल. बदलामागे कारण असले की मूल कदाचित तो बदल पाहण्याचेच सोडून देते आणि ‘काही झाले नाही’ अशा अर्थाने ‘सारखेच’ म्हणते. ताईंनी हे तपासावे. बेदाण्यांची रांग विसकटताना एक बेदाणा खरोखर काढून घ्यावा. तरीही मूल ‘सारखेच’ म्हणाले, तर त्याच्या बरोबर उत्तराची किंमत कमी करावी लागेल.

हाच वाद तान्ह्या मुलांबाबतही आहे. कापडाखाली लपवलेली वस्तू मूल शोधते ते आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास, म्हणून त्याआधी वस्तू नजरेआड झाली की ती त्याच्यापुरती संपली, असे पियाजे म्हणत. 1985 मध्ये बायारजाँ, स्पेल्की आणि वॉसरमन यांनी पाच महिन्यांच्या मुलांसमोर एक फळी अशी फिरवली की ती मागच्या ठोकळ्यातून आरपार गेल्यासारखी दिसावी. मुले त्या अशक्य घटनेकडे अधिक वेळ पाहत राहिली. त्यावरून वस्तू असल्याचे त्यांना ठाऊक असते, असा निष्कर्ष काढला गेला. पण अधिक वेळ पाहणे म्हणजे समजणे, हे मला अजून पटलेले नाही. नजरेला जे खटकते ते हाताला वापरता येईलच असे नाही, आणि पियाजे हाताबद्दल बोलत होते.

बालवर्गशिक्षिका, सातारा

सर्वांची मनापासून आभारी आहे. कराडच्या सूचनेप्रमाणे मी वर्गात बेदाणे नेले. अस्वल नव्हते, म्हणून जुन्या मोज्याचे माकड केले. माकडाने रांग विसकटली तेव्हा एका मुलीने आणि एका मुलाने, दोघांनीही ‘सारखेच’ असे सांगितले. दुसऱ्या खेपेला माकडाने विसकटता विसकटता एक बेदाणा तोंडात धरला. मुलगी लगेच म्हणाली, “बाई, माकडानं एक घेतला, आता इकडं कमी झाले.” मुलगा मात्र माकडाकडेच पाहत हसत होता आणि पुन्हा ‘सारखेच’ म्हणाला. म्हणजे पहिल्या खेपेची दोघांची उत्तरे सारखी दिसली तरी ती सारखी नव्हती. कराडची शंका निदान त्या मुलाबाबत खरी ठरली.

भाचीला रविवारी मी ताक स्वतः ओतायला दिले आणि काहीच विचारले नाही. पेल्यातून ग्लासात, ग्लासातून पेल्यात असे तिने चार-पाच वेळा केले, अर्धे पाटावर सांडले आणि त्या नादात स्वतःशीच पुटपुटली, “बारीक आहे ना, म्हणून चढतंय.” मला वाटले की दुसरे कारणही सापडले. जेवण झाल्यावर राहवले नाही म्हणून मी पुन्हा दोन पेले मांडले, ओतले आणि विचारले. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले, मग ग्लासाकडे पाहिले आणि म्हणाली, “ह्यात जास्त.” आता तिच्या नावापुढे काय लिहावे ते मला कळत नाही.

निवृत्त अध्यापक, सांगली

तिन्ही दिवस तारखेनिशी वेगवेगळे लिहावेत. प्रत्येक नोंदीशेजारी ताक कोणी ओतले, प्रश्न कोणी विचारला आणि तो कोणत्या शब्दांत विचारला, तेही लिहावे. रविवारची पुटपुट जशीच्या तशी उतरवून ठेवावी. काम करताना मूल स्वतःशी जे बोलते ते वायगॉट्स्कीच्या दृष्टीने त्याच्या विचाराचेच उघड रूप आहे आणि पुढे तेच मनातल्या मनात जाते. पुढच्या खेपेला ‘कशात जास्त आहे?’ याऐवजी ‘तुम्हा दोघांना सारखं मिळालं का गं?’ असे विचारून पाहावे, आणि शक्य असेल तर प्रश्न आपण न विचारता मावसभावाला विचारू द्यावा.

कणकेचे दोन गोळे आणि घरचा जुना तराजू असेल तर वजनाचा प्रयोगही करता येईल. तो मात्र आणखी तीन-चार वर्षांनी.